वळायची जागा

मुकेश कासा स्टँडवरून पाड्यांवर जीप न्यायचा आणि वाटेत काकड्याकाकाने नाचात वाजवलेला तारपा मोबाइलवर लावायचा. ऐकून ऐकून त्याने तो पुरता उचलला. यंदा काकाची छाती साथ देईना, तेव्हा कापणीनंतरच्या नाचात त्याचा तो दुधी भोपळ्याचा तारपा मुकेशने घेतला आणि बेधडक फुंकला.

पहिली फेरी झाल्यावर काकाने त्याला जवळ बोलावलं. "मधेच सूर का तोडलास?"

"तू तोडतोस तिथंच तोडला, काका."

"अरे, तिथं मला दम लागायचा. श्वास घेतानाही तारप्याचा सूर तुटू द्यायचा नसतो."

"एवढंच ना? मग ऐक." दुसऱ्या फेरीत मुकेशने सूर कुठंही तुटू दिला नाही. नाचणाऱ्या बायका मात्र मधेच एकमेकींवर आदळल्या.

सगळ्यांच्या पुढे असलेली सुकी वैतागली. "सूर थांबलाच नाही तर आम्ही वळायचं कधी? पाच वर्षं तिथंच वळतोय."

काकड्याने तिच्या पायांकडे पाहिलं, मग मुकेशकडे.

"थांब तिथं," तो म्हणाला. "पण ऐटीत थांब. दम लागल्यासारखा नको."