पाण्याशी अडलेली फौज

परमेश्वरचे दोनशे स्वार पुन्हा एकदा किल्ल्याच्या भिंतीखाली गारद झाले. पडद्यावर लाल अक्षरं आली. त्याने माउस टेबलावर आपटला आणि लगेच लढाई पहिल्यापासून लावली. सव्वाअकरा वाजले होते. बाराला लाइट जायची, त्याच्या आत त्याला जिंकायचंच होतं.

शेजारच्या स्टुलावर प्रभू बसला होता. आखाडा बाळापूरच्या बाजाराला मेंढरं घेऊन आलेल्या प्रभूला परमेश्वरने हाताला धरून आपल्या कॉम्प्युटरच्या दुकानात आणलं होतं. नऊ वर्षांपूर्वी, नव्व्याण्णव साली, कळमनुरीच्या कॉम्प्युटर क्लासात याच खेळाची स्पर्धा लागली होती. हे दोघं एका जोडीत. अकरा लढाया त्यांनी धडाधड मारल्या. बाराव्या लढाईत फौज प्रभूच्या हाती होती आणि पठ्ठ्या नदीकाठी थांबला तो थांबलाच. सरांनी कारण विचारलं, तर म्हणाला, हात पुढं जाईना. शेवटी परमेश्वरने माउस हिसकावला, फौज पलीकडे घातली आणि ती कापली गेली. प्रभू भित्रा आहे, त्याच्या पायी हरलो, असं तो सगळ्यांदेखत बोलला. दुसऱ्या दिवसापासून प्रभू क्लासला आला नाही. बापाच्या मेंढरांमागे गेला तो कायमचा.

परवा खेळाची जुनी सीडी सापडली आणि परमेश्वरच्या अंगात वारं शिरलं. वेळेवर चढाई केली की किल्ला पडतो, हे त्याला प्रभूला दाखवायचं होतं. तिसऱ्यांदा स्वार कापले गेले तेव्हा त्याची बायको रागिणी चहा घेऊन आली. ती शाळेत इंग्रजी शिकवायची. पडद्यावरचा हुकूम काय आहे ते तरी वाचलं का, असं तिने विचारलं.

"होल्ड द फोर्ट. किल्ला धरा, म्हंजे घ्या," परमेश्वर न बघताच म्हणाला. क्लासात इंग्रजीचा पंडित तोच होता, हुकूम त्यानेच सगळ्यांना वाचून दाखवला होता.

"शेवटी टी न्हाई, डी हाय. फोर्ड. म्हंजे नदीचा उतार, पायी वलांडायची जागा. उतार धरून ऱ्हावा म्हनून राहिलेत तुमाला."

परमेश्वरने वाकून पाहिलं. डीच होता. नऊ वर्षं तो डीच होता.

घड्याळात अकरा चाळीस झाले होते. त्याने फौज काठाशी उभी केली आणि माउसवरचा हात आवरून धरला. ते फार अवघड होतं. थोड्या वेळाने किल्ल्याचं दार आपोआप उघडलं. शत्रू पाण्यात उतरला, गुडघाभर पाण्यात त्याची चाल मंदावली आणि काठावरून बाण सुटले. पहिली तुकडी गेली, दुसरी गेली. रागिणी कपबशा हातात घेऊन तशीच उभी राहिली. प्रभू स्टुलावरून कधी उठला ते त्यालाही कळलं नाही. डाव्या अंगाला बघ, असं तो दोनदा म्हणाला आणि दोन्ही वेळा बरोबर निघाला. अकरा पंचावन्नला तुतारी वाजली, निशाण वर चढलं.

परमेश्वर खुर्चीवरून उडालाच. हसत हसत त्याने प्रभूच्या पाठीत धपाटे घातले. तुझ्याच जागेवर उभं राहून जिंकलो, असं तो पुन्हा पुन्हा सांगू लागला. रागिणीही हसत होती.

प्रभू मात्र पडद्याकडेच बघत होता. पाण्याशी उभी असलेली फौज त्याने नीट पाहून घेतली.

"परमेश्वर," तो हळूच म्हणाला, "म्हंजे तवा मी भ्यालो नव्हतो?"