मान मोकळी झाली

फिजिओथेरपिस्ट मृण्मयीने इंदुमतीबाईंची मान अलगद डावीकडे वळवली. सहा वर्षांत पहिल्यांदाच हनुवटी खांद्यापर्यंत आली.

"काकू, केवढा फरक पडलाय. व्यायाम नेमाने केलेले दिसतात."

"नाही गं. महिनाभर काहीच केलं नाही."

"मग दुखणं गेलं कसं?"

इंदुमतीबाईंचा एकोणीस वर्षांचा मुलगा निनाद जन्मापासून चालू शकत नव्हता. आंघोळीला नेताना तो आईच्या मानेभोवती हात गुंफायचा आणि त्या त्याला उचलायच्या. "आता त्याला उचलू नका," मृण्मयीने कितीदा बजावलं होतं.

"निनाद गेला," त्या म्हणाल्या. "महिना झाला."

मृण्मयीचे हात त्यांच्या खांद्यांवर तसेच राहिले.

इंदुमतीबाईंनी मान पुन्हा वळवून पाहिली. कुठेच कळ आली नाही. मग मात्र त्यांना रडू आवरेना.

"थोडी तरी दुखायला हवी होती गं."