ब्रेकचा आवाज

डॉक्टरांच्या जुन्या मोटारीचा ब्रेक दाबला की गल्लीभर किंचाळायचा. आज तो आवाज घालवायचाच, असा त्यांनी हट्ट धरला. ब्रेकला जोडलेल्या सळ्या आवळून पाहिल्या, तरी आवाज गेला नाही. मग चाक उतरवलं. आतला ब्रेकचा पट्टा झिजून काचेसारखा गुळगुळीत झाला होता. त्यांनी तो पॉलिश पेपरने खरखरीत केला, कडा कानशीने घासल्या.

"अहो, गाडी थांबते ना? मग एवढा जीव का काढताय?" बायकोने विचारलं.

"थांबते. पण सांगून थांबते."

दुसऱ्या दिवशी मोटार लेकीच्या सासरी मुकाट थांबली. एरवी आवाज ऐकताच लेकीसकट सगळे हसत दारात यायचे. आज कुणीच आलं नाही. आतून जावयाचा चढलेला आवाज आणि लेकीचं रडणं ऐकू येत होतं.

डॉक्टरांनी दार ढकललं. "चल बाळा, गाडी दारातच उभी आहे."