उरलेली चिठ्ठी

चिठ्ठी काही केल्या वाळेना. लावाली रंगारी ती तळहातावर धरून फुंकत होता, आणि मैगारीच्या, म्हणजे गावप्रमुखाच्या, बैठकीपुढची रांग भराभर सरकत होती.

त्या दिवशी नायजरभर नव्या राज्यघटनेवर मतदान होतं. पांढरी चिठ्ठी म्हणजे होकार, फ्रान्सच्या छत्राखाली राहू. जांभळी म्हणजे नकार, आमचं आम्ही बघू. हातात दोन्ही मिळायच्या. एक पाकिटातून पेटीत, दुसरी आपल्यापाशी. वरून सुलतानाचा हुकूम आला तशी मैगारीनं दवंडीच पिटवली होती, उरलेली जांभळी चिठ्ठी मला आणून दाखवा. जो दाखवणार नाही, त्याची जमीन गेली. लावालीचे निळीचे खड्डे मैगारीच्या जमिनीत होते आणि त्यांच्यावर सात तोंडं जगत होती.

तरी सकाळी मतदानाच्या पडद्याआड त्याचा हात जांभळीकडेच गेला होता. त्याच्या बापाला फ्रेंच साहेबांनी सडकेच्या वेठीला नेलं होतं, तो परत आला नव्हता. मग घरी येऊन त्यानं उरलेली पांढरी चिठ्ठी आधी निळीत, मग ज्वारीच्या लाल धाटांच्या पाण्यात बुचकळली. रंग हुबेहूब साधला. वर छापलेलं गावात कुणाला वाचता येतच नव्हतं.

"काय रे, एवढ्या उन्हात हुडहुडी भरली का तुला?" मागून दौदा कुंभारानं टोमणा मारला. लावाली फुंकतच राहिला.

त्याची पाळी आली. "आयुष्य वाढो, मैगारी," म्हणत त्यानं चिठ्ठी पुढे केली. म्हाताऱ्या मैगारीनं ती घेतली, उलटसुलट पाहिली, चोळली. अंगठा जांभळा झाला. लावालीला आपल्या खड्ड्यांत माती पडताना दिसू लागली.

"दार लोटून घे, आणि तू बाहेर थांब," मैगारी पहारेकऱ्याला म्हणाला. मग लावालीकडे वळला. "कधी रंगवलीस?"

खोटं बोलायला लावालीनं तोंड उघडलं, पण निघालं खरंच. "दुपारी."

मैगारीनं अंगठा चटईला पुसला. मग त्यानं झग्याच्या खिशातून आपली उरलेली चिठ्ठी काढली आणि लावालीच्या हातावर ठेवली. ती पांढरी होती.

"सुलतानाचा माणूस दिवस मावळायच्या आत माझी चिठ्ठी बघायला येतोय," तो हळूच म्हणाला. "हिला मात्र नीट वाळव."