या वर्षीची तूट

“या वर्षीची तूट मी भरणार नाही,” भाई म्हणाले आणि खाली बसले.

चिंचपोकळीच्या वाचनालयात वार्षिक सभेला जमलेल्या मंडळींना वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. वाचनालय मोफत होतं. जागेचं भाडं, वर्तमानपत्रांचं बिल, पुस्तकांची बांधणी, सगळा भार सहाय्यक मंडळावर. आणि मंडळ म्हणजे खरं तर अध्यक्ष कमलाकांतभाई. प्रभादेवीला राहणारे, फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या पेढीत हेडक्लार्क. दर सभेत खजिनदाराने तूट वाचून दाखवायची, भाईंनी पाकीट काढायचं, मग टाळ्या आणि चहा. या खेपेला चहा आला तो तसाच निवत राहिला.

“का, ते कळेल का?” सुमतीने विचारलं. खजिनदार तीच होती. दिवसा म्युनिसिपल शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी विनामोबदला इथला हिशेब सांभाळायची.

“कारण सांगायला मी बांधलेला नाही.”

कारण ज्याने त्याने आपल्या मनाशी लावलं. ते छपन्न साल होतं. गोळीबारात गेलेल्यांची घरं गिरणगावात गल्लोगल्ली होती, आणि वाचनालयाच्या दारावर पोरांनी ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ असा फलक लावला होता. भाईंच्या पेढीचे मालक मात्र विरुद्ध बाजूचे.

“शेटजींनी कान उपटले असतील,” मागच्या बाकावरून जयवंत म्हणाला. तो गिरणीच्या साचेखात्यात माग चालवायचा. हळू बोलण्याची सवयच नव्हती त्याला. भाईंनी ऐकलं. चकार शब्द काढला नाही.

तो अबोला सुमतीला झोंबला. माणूस निदान ‘नाही’ तरी म्हणतो. ती उठून उभी राहिली.

“मग भाई, खुर्चीही सोडा.”

भाईंशी असं आजवर कोणी बोललं नव्हतं. जयवंतदेखील चपापला.

“सोडली,” भाई म्हणाले. “कोण घेतंय?”

सगळ्यांच्या माना खाली.

“मी घेते.”

“आणि पैसे?”

“जे वाचतात ते देतील.”

भाईंनी टोपी डोक्यावर ठेवली आणि एकटेच जिना उतरून गेले. पोचवायला कोणी उठलं नाही.

सुमती दुसऱ्याच दिवशी कामाला लागली. घरटी महिना एक आणा. जयवंतला घेऊन ती चाळीमागून चाळ चढली. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाशी उभी राहिली. आवाज बसला, पण मागताना तिने मान कधी खाली घातली नाही. एका खोलीच्या दारातून एक गृहस्थ म्हणाले, “भाई होते तेव्हा काही द्यावं लागत नव्हतं.”

“भाई होते तेव्हा तुम्हाला कोणी विचारतही नव्हतं,” सुमती म्हणाली. “आता सभेला या आणि मत द्या.” गृहस्थांनी आणा दिला. सभेलाही आले.

खाणावळवाल्या गंगुबाईंनी तर तिलाच फैलावर घेतलं. “माझी गिऱ्हाइकां इतकी वर्सां थंय पेपर वाचतत. पण माझ्याकडे मागूक कोण इलोच नाय.” त्यांनी रुपया काढून दिला. गिरणीत काम करणाऱ्या रमाबाईंनी आणा मुठीत धरून अट घातली: बायकांसाठी दुपारची वेगळी वेळ हवी. सुमतीने तिथल्या तिथे कबूल केलं. पुढच्या आठवड्यापासून दुपारी बाकांवर बायका दिसू लागल्या. जिला वाचता येई ती इतरांना वाचून दाखवी.

महिनाअखेरीला भाडं चुकतं झालं. वर्तमानपत्राचं बिलही. वर थोडे पैसे उरले. सत्याग्रहाच्या बातम्यांसाठी सकाळी झुंबड उडे, म्हणून मंडळाने त्यातून एका पेपराची दुसरी प्रत सुरू केली. वाचनालयाच्या इतिहासात शिल्लक हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला.

रविवारी सुमती प्रभादेवीला गेली. भाईंना आपल्या तोंडाने सांगायचं होतं. तुमच्यावाचून अडलं नाही, हे वाक्य तिने वाटेत दोनदा मनात म्हणून पाहिलं.

दार भाईंच्या पत्नीने, लीलावहिनींनी उघडलं. “ये, बस. ते नाहीत.”

“कधी येतील?”

“अजून दोन महिने तरी. शिक्षा तीन महिन्यांची झालीय.”

“शिक्षा? कसली?” सुमतीने विचारलं.

“सत्याग्रहाच्या तुकडीत गेले,” वहिनी म्हणाल्या. “ठाण्याच्या तुरुंगात आहेत. जायच्या आधी पेढीचा राजीनामा दिला. तुमच्याकडे कोणालाच ठाऊक नाही?”

कोणाला ठाऊक असणार? त्या सभेनंतर मंडळातलं एकही माणूस या दाराकडे फिरकलं नव्हतं. सुमती खुर्ची ओढून बसली.

“आम्हाला सांगितलं का नाही त्यांनी?”

“मीही हेच म्हटलं. भांडलेच मी. तर म्हणाले, सांगितलं की हार घालून पोचवतील आणि वाचनालयाला कुलूप लावून माझी वाट बघत बसतील.” वहिनींनी तिच्यापुढे पाण्याचं भांडं ठेवलं. “पहिल्या तुकडीपासून जायचं त्यांच्या मनात होतं. दर वेळी वाचनालयापाशी येऊन पाय अडायचा.”

सुमतीच्या मनातलं वाक्य केव्हाच विरून गेलं होतं. वहिनी तिच्यासमोर बसल्या.

“तू खुर्ची मागितलीस ना, त्या संध्याकाळी घरात आले ते हसतच. मला म्हणाले, ‘पिशवी भर माझी. वाचनालयाला अध्यक्ष मिळाला.’”