तिच्या नावाची किल्ली

"नंदा राजीनामा देऊन चालली, आन् सर्व्हरमध्ये शिरायच्या हिच्या नावाच्या डिजिटल किल्ल्या दोन?" दूध संघाचा सर्व्हर सांभाळणारा सर्जेराव गुरगुरला. शेजारच्या संघात नोकरीला लागून ही बया इथले दुधाचे दर बघणार, हे त्यानं पक्कं धरलं. कमांड मारून दोन्ही उडवल्या.

सर्व्हरमधून बाहेर पडून पुन्हा आत जायला गेला, तर सर्व्हरनं त्यालाच अडवलं. तेव्हा आठवलं, त्यातली एक त्याचीच. लॅपटॉप जळाला तेव्हा नंदानं आपल्या मशीनवर बनवून दिलेली, म्हणून नाव तिचं पडलेलं.

झक मारत फोन लावला. "नंदाताई, मी बाहेर अडकलो."

"माझ्या किल्ल्या उडवायला गेलात ना?" ती हसली. "मी सकाळपासून आतच आहे. चालू कनेक्शन तुटत नसतं. तुमची परत टाकते."

आत शिरल्याबरोबर त्यानं आधी किल्ल्या तपासल्या. एकच होती, त्याची.

"ताई," तो घुटमळला, "तुमचीबी टाका की."