जवळची लेन्स

“कंपनीची लेन्स घेतो तो येडा,” देवराम लेकीला सांगत होता. “तेवढ्या पैशात सेकंडहँड रिक्षा येते. ही बघ माझी. डब्यावरचं नाव दुकानदारालापण वाचता येत नव्हतं. पण खाडीच्या पल्याड बगळा बसू दे, त्याच्या चोचीतला मासा जिवंत की मेलेला, ते सांगतो मी इथून.”

अमृता हसली. तिच्या मांडीवर चार वर्षांची सान्वी बसलेली. देवरामने कॅमेरा डोळ्याला लावला आणि लेन्सची रिंग फिरवली. डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली. समोर सोफ्यावर लेक आणि नात होती. कॅमेऱ्यात मात्र तर्रीत बुडालेल्या पावासारखं काहीतरी लाल-पांढरं तरंगत होतं.

“बाबा, झालं?”

“जरा मागं सरका.”

“मागे सोफा आहे बाबा. सोफ्यामागे भिंत आहे.”

लेन्सचा स्वभावच तसा होता. पंधरा फुटांच्या आतलं जग तिला मान्यच नव्हतं. बिल्डरने ठाकुर्लीची भातजमीन घेऊन वर टॉवर ठोकला, त्यातला अकराव्या मजल्यावरचा हा फ्लॅट देवरामच्या वाट्याला आला. हॉल कागदावर सोळा फुटांचा. त्या सोळा फुटांत भिंतीपण मोजल्यात, हे राहायला आल्यावर कळलं.

कॅमेऱ्यासोबत आलेली एक छोटी लेन्स होती. घरातले फोटो तिने निघायचे. ही लांबची घेताना ती त्याने एक्स्चेंजमध्ये देऊन टाकली. बायको जाईबाई गेलेली, लेक कॅनडात. घरात जवळ कुणी नव्हतंच, तर जवळची लेन्स ठेवायची कुणासाठी?

आणि आज लेक आली होती. आईच्या तेराव्यानंतर पहिल्यांदाच, तीपण दुपारपुरती. खाली जावई साकेत टॅक्सीत बॅगा भरून बसला होता, आज रात्रीचंच विमान होतं. भिंतीवर हार घातलेल्या जाईबाईच्या शेजारी देवरामने सकाळीच खिळा ठोकून रिकामी फ्रेम लावली होती. एवढ्या मोठ्या भिंतीवर ती एकटीच बसते, हे त्याला बघवत नव्हतं.

“मोबाइलवर काढा ना,” अमृता म्हणाली.

“मोबाइलचा फोटो मोबाइलमध्येच मरतो गं. तू दाराशी उभी राहा.”

त्याने कॅमेऱ्याचा स्टँड पार खिडकीला टेकवला. स्वतः ग्रिलला पाठ चिकटवून उभा राहिला. अमृता सान्वीला कडेवर घेऊन दाराशी गेली. आता सान्वी स्वच्छ दिसली. म्हणजे तिचे डोळे आणि नाक. कपाळ नाही, हनुवटी नाही, आई तर नाहीच. आधार कार्डवालेसुद्धा परत पाठवतील असा फोटो.

“अजून मागं. पॅसेजमध्ये जा.”

अमृता पॅसेजमध्ये गेली. शेजाऱ्यांच्या चपलांच्या रॅकला तिची टाच लागली, रॅक आडवा झाला. तिने एका हाताने चपला उचलल्या. खांद्यावरची पर्स वाजायला लागली. खालून साकेत होता.

“आजोबा कुठे चाल्ले?” सान्वीने विचारलं.

“आजोबा तिथेच आहेत, बाळा. आपण चाललोय.”

“अजून जरासं मागं, बाय,” देवराम आतून ओरडला.

अमृता थांबली. “बाबा, अजून किती लांब जाऊ? तुम्हीच या ना पुढे.”

“मी पुढं आलो की तू दिसत नाहीस.”

तिने डोळे पुसले की घाम पुसला, ते त्याला तेवढ्या अंतरावरून कळायला हवं होतं, पण तो रिंग फिरवत होता. ती मागे सरकली. तिच्या पाठीमागे लिफ्ट येऊन उघडली होती. फ्रेममध्ये आता दोघी अख्ख्या बसल्या, फक्त सान्वीचा एक कान बाहेर होता.

“एकच पाऊल.”

अमृताने एकच पाऊल टाकलं. सान्वीला लिफ्टची बटणं फार आवडायची. देवरामने त्याचं बटण दाबलं आणि सान्वीने तिचं.

कॅमेऱ्यात लिफ्टचा बंद दरवाजा आला. त्यावर सोसायटीची नोटीस होती, उद्या पाणी येणार नाही. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

थोड्या वेळाने फोन वाजला. “बाबा, आता परत वर नाही येत. साकेत चिडलाय, ड्रायव्हर कटकट करतोय. आला का फोटो?”

“आला. झकास आला.”

“खरं?”

“खरंच गं. जा तू, विमान चुकंल.”

“बरं, खिडकीत या. सान्वीला टाटा करायचाय.”

तो स्टँडसकट वळला आणि लेन्स खाली रोखली. अकरा मजले. लेन्सला हवं होतं तेवढं अंतर शेवटी मिळालं. रिंग नखभर फिरवली आणि सान्वी समोर आली, टॅक्सीच्या दाराशी उभी, कपाळापासून सँडलपर्यंत अख्खी. ओठाला मघाच्या लाडवाचा कण चिकटलेला. गालावर जाईबाईसारखी खळी. दुपारभर ती त्याच्या घरात होती, ही खळी त्याला आत्ता दिसली. बटण दाबायचं तो क्षणभर विसरूनच गेला.

मग त्याने दाबलं. फोटो पहिल्याच झटक्यात आला. सान्वी तोंडभर हसत होती आणि दोन्ही हात वर करून शेजारच्या, तशाच दिसणाऱ्या बी विंगला टाटा करत होती. बी विंगमधून कुणीतरी तिला टाटा केला.